बगळे कोणामागे चालतात

तळेगावच्या पुढच्या त्या कुरणात मी गेलो तो फक्त पक्ष्यांची यादी करायला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोक विचारतात, "सर, तुम्ही तिथं गेलातच कशाला?" निकेशनं बोलावलं म्हणून गेलो. माझा जुना विद्यार्थी. वडिलांच्या साठ एकर कुरणात दोन खोल्या बांधायच्या आणि पक्षी आणि रोही, म्हणजे नीलगाई, बघायला येणाऱ्या शहरातल्या लोकांना तिथं उतरवायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी यादी हवी होती. निवृत्त झाल्यापासून असल्या कामांना मला नाही म्हणता येत नाही, आणि आता ती झेपतही नाहीत.

ऑक्टोबरमधली सकाळ. गवत कमरेएवढं, पिवळं पडायला लागलेलं. सात वाजेपर्यंत चंडोल, तित्तिर, टिटवी, कापशी घार झाली. दूर बाभळीखाली एक रोही उभा होता. गुडघे दुखत होते, म्हणून मी एका दगडावर बसलो.

मग गायबगळे दिसले. हे पक्षी चरणाऱ्या गुरांच्या पायांशी चालतात. गुरं चालली की गवतातले किडे उडतात आणि बगळे ते टिपतात. सदतीस वर्षं मी हे फळ्यावर चित्र काढून शिकवलं. इथं तीस-चाळीस बगळे होते, संथपणे पुढं सरकत, टिपत. दोघादोघांच्या मध्ये बरोबर एका गाईएवढी जागा सुटलेली. त्या जागेत गवत दबत होतं आणि हळूहळू परत उठत होतं. पण गाय एकही नव्हती.

मी दुर्बीण पुसली. मग चष्मा पुसला. एक कोतवाल पक्षी जमिनीपासून चारेक फुटांवर नुसता हवेत बसलेला होता. पंख मिटलेले, पाय दुमडलेले. चालत्या गुराच्या पाठीवर बसल्यावर डुलतो, तसा डुलत तो पुढं चालला होता. वारा अजिबात नव्हता. ओरबाडलेल्या ओल्या गवताचा आणि गोठ्याचा वास आला, तेव्हा मी खरा घाबरलो.

त्यांच्या मागं वीस पावलांवर एक म्हातारा काठी घेऊन येत होता. निकेशचे वडील, पुंडलिकराव. त्यांना मी ओळखत होतो, पण इतके वाळलेले कधी पाहिले नव्हते.

यादी वहीत तशीच अर्धी ठेवून मी कुरणाकडेच्या त्यांच्या घराकडं परतलो. निकेशनं चहा दिला आणि खाली मान घालून सांगितलं, "लम्पीच्या रोगात बावीस गाई गेल्या, सर. सगळ्या गवळाऊ जातीच्या. तीन हप्त्यांत. तिकडं नाल्याजवळ पुरल्या. तवापासून बाबा दिवसभर बगळ्यांमागं फिरून राह्यले. दोनदा उन्हात पडले. डॉक्टर म्हणे, आता पडले तर उठणार नाईत. मले त्यायले सिंदी मेघेले न्यायचं आहे, माह्या फ्लॅटवर. माह्यं ऐकत नाईत. तुमचं ऐकतील."

"मी काय सांगू?"

"गवतात टोळ लई आहेत, म्हणून बगळे येतात. बस."

माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं अशी माझी ख्याती. मुलगा बापाला जगवायला बघत होता. मी परत गवतात शिरलो.

"रामराम, मास्तर," पुंडलिकराव थांबले. "तुमी पक्ष्यायचे जानकार. सांगा बरं... थे कोनाच्या मांगं चालून राह्यले?"

"टोळ आहेत, पुंडलिकराव. यंदा गवतात टोळ फार झालेत."

"अन् कोतवाल? थो कायच्यावर बसला?"

"तरंगतो तो. पंख न हलवता."

सहावीतल्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. त्यांचे डोळे पाणावले.

"मले वाटे... मायी ढोरं मले सोडून गेलेच नाईत." मग म्हणाले, "तुमी शिकलेले. तुमी म्हनता तर तसंच असन."

तासाभरात ते गाडीत बसले. मागं वळूनही पाहिलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, याची मला इतकी लाज वाटली की मी निकेशचा निरोपही घेतला नाही.

पुढं निकेशचे फोन येत राहिले. बाबा जेवतात, झोपतात, बीपी चांगला आहे. फक्त त्या दिवसापासून एक शब्द बोललेले नाहीत. समोरच्या भिंतीकडं बघत बसतात आणि नजर डावीकडून उजवीकडं सावकाश सरकत असते.

डिसेंबरात मी कुणाला न सांगता कुरणात गेलो. निकेशलाही नाही. बगळे जिथून गेले होते, त्या वाटेच्या मधोमध उभा राहिलो. नऊच्या सुमारास बगळे आले, तसेच, जागा सोडून, सरळ माझ्याकडं. या वेळी सगळ्यांच्या मागं, वीस पावलांवर, आणखी एक कोतवाल होता. एकटाच. माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, हवेत.

खिशातला फोन वाजला.

"सर! बाबा बोलले!" निकेश रडत होता की हसत होता, कळेना. "आत्ताच बोलले!"

"काय... काय म्हणाले?"

"काईच्या काई. म्हणे, 'मास्तरले म्हना, वाटेतून बाजूले व्हा... ढोरं येऊन राह्यले.'"

मी बाजूला झालो. बगळे समोरून गेले. त्यांच्या मधून ऊब जात होती, एकामागून एक, आणि माझ्या पायाजवळचं गवत करकर तुटत होतं. शेवटी तो कोतवाल आला आणि माझ्यासमोर हातभर अंतरावर थांबला.

"सर, आता हासून राह्यले बाबा. किती दिवसांनी..." निकेश म्हणाला. "म्हणजे बरे होऊन राह्यले नं, सर?"

कोतवाल हलत नव्हता. त्याच्या बाजूलाच, माझ्या चेहऱ्यासमोर, कुणाचा तरी श्वास चालू होता.

"हो," मी म्हणालो. "बरे होताहेत."