मिलमधल्या बाईला बोलावणं

जेवणं झाली तशी मोहनकाकांनी बेसमेंटमधले दिवे मंद केले. उर्वी आणि अक्षत ब्लँकेट पांघरून पायाशी येऊन बसली.

"ही माझ्या मित्राची, गिरीशची हकीकत. मॅसॅच्युसेट्सला असतो. त्याच्याच तोंडून ऐकलीय, तेव्हा हसायचं नाही."

"प्रॉमिस, काका."

"२०२४ सालचा डिसेंबर, बारा तारीख. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. गिरीशच्या बायकोचं, चारुताचं, महालक्ष्मीचं व्रत. वस्त्रमाळेला तिला फार्मसीतला कापूस चालत नाही. त्यांच्या गावात जुन्या कापडमिलचं म्युझियम झालंय, तिथे सरकी काढलेला कापूस मिळतो. गिरीश म्हणाला, 'देवीला काय कळणार आहे?' ती म्हणाली, 'मला कळेल ना.' संपलं! पावणेपाचला पोचले, तर अंधार. गिरीश गाडीत थांबला. ही आत गेली, फोन सीटवरच विसरून.

काउंटरवरच्या मुलीने कापूस दिला आणि बजावलं, 'पाचला बंद. मग एकदम एप्रिलमध्ये.' चारुताला वाटलं, वरचे माग पटकन बघून येऊ. तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली एक खोली उघडी होती. आत शिरली. मागे दार लागलं. आतून मूठच नव्हती."

"ओ नो," उर्वी म्हणाली.

"दार बडवलं. हाका मारल्या. दाराखालच्या फटीतला उजेडही गेला.

'कोणी येत नाही,' मागून आवाज आला.

खिडकीतून येणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात एक बाई मागाशी बसलेली. लांब झगा, घट्ट बांधलेले केस. चारुताला वाटलं, म्युझियमवाल्यांनी जुन्या वेशात बसवली असेल. 'तुम्हीही अडकलात?'

'मी केव्हाची.'

बाई सांगायला लागली. धागा तुटला की माग आपोआप थांबेल, अशी कळ तिने शोधून काढली होती. मिलच्या मालकाने तिचे कागद घेतले. म्हणाला, वर थांब, सहीला बोलावतो. पेटंट मालकाच्या नावावर झालं. बोलावणं...

आलंच नाही.

'मग हे दार?'

'बोलावल्याशिवाय उघडत नाही.'

माग हलला. एकदाच.

बाईचे हात मांडीवर होते.

थंडी मरणाची. चारुताच्या तोंडातून वाफ निघत होती. बाईच्या...

नाही."

काका थांबले. अक्षतने ब्लँकेट नाकापर्यंत ओढलं.

"आता चारुता कशी, तर प्लंबरलासुद्धा 'जेवून जा' म्हणणारी. मनात देवीचा जप, आणि तोंडातून काय निघावं? 'आज आमच्याकडे हळदीकुंकू आहे. तुम्ही या ना.'

खट्...

दार उघडलं.

ती धावली. जिना. काउंटर. बाहेरचं दार. मागे बघितलं नाही. बर्फ भुरभुरायला लागला होता. ती गाडीत बसली.

'म्युझियमचं दार ठोठावून हात सुजले माझे!' गिरीश म्हणाला. 'होतीस कुठे?'

'आधी चल.'

काचेवरचा बर्फ झटकायला गिरीश खाली उतरला. पार्किंगमध्ये चारुताच्या बुटांचे ठसे. गाडीच्या पुढच्या दारापर्यंत.

शेजारी आणखी ठसे. अरुंद टाचेचे.

मागच्या दारापर्यंत.

परत गेलेले...

नव्हते."