वर्धापनदिनाची पहिली किक

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे माझ्या धाकट्या मामाच्या डोळ्यांदेखत घडलं, आणि मामा थापा मारणाऱ्यांतला नाही. तो वेल्डर आहे. जोड पक्का बसला की नाही, हे ठोकून पाहिल्याशिवाय तो मान हलवत नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवार. दिवेलागणीची वेळ. जागा, आमच्या फुटबॉल क्लबचं मैदान.

क्लब तसा किरकोळच. वर्कशॉपमधल्या पोरांनी पडीक जागेतले दगड वेचून मैदान केलं, भंगारातल्या पाइपांचे गोलपोस्ट उभे केले. त्यांचा गोलकीपर म्हणजे माझा थोरला मामा. सगळे त्याला 'भिंत' म्हणायचे. सामन्याआधी तो दोन्ही खांबांवर बुटाची टाच आपटायचा, मग उडी मारून वरच्या आडव्या पाइपला थाप द्यायचा.

एकदा असंच आपटून बघितल्यावर तो कप्तानाला म्हणाला, "खांब हलतोय रे. आधी पक्का करू."

"आत्ता? पाहुणे येऊन बसलेत. सामना होऊ दे, मग बघू."

सामना अर्धा झाला आणि अख्खा गोलपोस्ट भिंतीच्या डोक्यात पडला.

तो जागच्या जागी गेला.

कप्तानाने सगळ्यांना सांगितलं, "माकडासारखा लटकत होता. किती वेळा बजावलं होतं!" बाकीच्यांनी माना डोलावल्या.

पुढे तोच कप्तान क्लबचा अध्यक्ष झाला. भिंतीच्या आठवणीत त्याने प्रथाही पाडली... वर्धापनदिनी पहिली किक रिकाम्या गोलमध्ये मारायची. लोक हळहळायचे. धाकट्या मामाचं मात्र डोकं फिरायचं, कारण दरवर्षी भाषणात ते लटकणं यायचंच. आजीच्या, म्हणजे या दोघा भावांच्या आईच्या कानावर ते जायचं. तिचं एकच मागणं होतं. "माझ्या पोराच्या नावावरचा तो डाग पुसा. मग मी मरायला मोकळी."

त्या शनिवारी मामा क्लबच्या खोलीत गेला. ओल्या मोज्यांचा आणि मलमाचा नेहमीचा वास. अध्यक्ष आरशासमोर भांग पाडत होते.

"साहेब, आज तरी खरं सांगा. आई थकलीय आता."

"अरे, झालं गेलं. कशाला उकरून काढतोस?"

"उकरायला ते पुरलंय कुठे?"

अध्यक्ष हसले, मामाचा खांदा थोपटला आणि बाहेर गेले.

भाषण झालं. लटकणंही झालं. मग अध्यक्ष चेंडूसमोर उभे राहिले.

तेवढ्यात...

टण्.

डाव्या खांबातून.

टण्.

उजव्या खांबातून.

गोलमध्ये कोणी नव्हतं.

मामाच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाकी लोक टाळ्या वाजवत होते. अध्यक्षांनी किक मारली. चेंडू गोलच्या तोंडाशी पोचला आणि...

धप्प.

थांबला. हवेतच, छातीच्या उंचीवर. मागची जाळी हललीसुद्धा नाही.

टाळ्या बंद पडल्या.

मग चेंडू खाली आला आणि गडगडत अध्यक्षांच्या पायाशी परत आला.

"वारा आहे," ते म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

त्यांनी पुन्हा किक मारली. धप्प. चेंडू परत.

अध्यक्ष चिडले. "जाळी कोणी बांधली ही?" म्हणत तरातरा गोलमध्ये गेले.

टण्...

या वेळी आडव्या पाइपवर.

अध्यक्षांचे दोन्ही हात वर गेले आणि पाइपला चिकटले. मग... टाचा जमिनीपासून सुटल्या.

सत्तरीचा माणूस सगळ्यांसमोर लटकत होता.

"सोड! सोड मला!"

मामा धावला. त्या माणसाचा त्याला राग होता, पण हे बघवेना. "दादा, सोड त्याला!"

"मी खोटं बोललो!" अध्यक्ष किंचाळले. "तो लटकत नव्हता! खांब हलतोय असं त्याने सांगितलं होतं मला!"

अख्ख्या मैदानाने ऐकलं. मामाला वाटलं, झालं, आता सोडेल.

मग करकर ऐकू आली...

हे नवे खांब मामाने स्वतः काँक्रीटमध्ये बसवले होते. ते मुळा उपटावा तसे बाहेर आले आणि अख्खा गोलपोस्ट अध्यक्षांना घेऊन कोसळला. काँक्रीटला साधा तडा नव्हता.

मामा धापा टाकत घरी आला. आजी पलंगावर पडली होती. "आई, डाग पुसला गेला. सगळ्यांनी ऐकलं," त्याने सांगितलं. त्याला वाटलं, ती रडेल.

तिने विचारलं, "मेला का?"

"नाही. कंबर मोडलीय. वाचेल म्हणतात."

 आजी कूस बदलत म्हणाली, "मग माझं पोर अजून तिथंच उभं असेल."

तेव्हापासून मामा मैदानाच्या रस्त्याने जात नाही. अध्यक्षांना उद्या दवाखान्यातून सोडणार आहेत. त्यांना दुसरीकडे कुठेतरी न्या, म्हणून मामा त्यांच्या मुलाच्या हातापाया पडला. मुलाने ऐकलं नाही.

त्यांचं घर मैदानाला लागूनच आहे.