कोडोलीच्या मास्तरांची गाडी

"पावणं, हात लावा बघू हिला."

आकारामने मागं वळून पाहिलं. खांद्यावर गाडीची बॅटरी घेतलेली एक मुलगी उभी होती. अंगात निळा ढगळ शर्ट, कोपरापर्यंत काळे हात, आणि डोळे असे की त्यांच्याकडे बघून माणसाने आपलं बोलणं विसरावं.

"कुठं?"

"बॉनेटवर. दुसरं कुठं?"

जानेवारीतली सकाळ होती. कोल्हापुरातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात आकाराम एका पांढऱ्या डिझेल गाडीला 'हो' म्हणायच्या बेतात होता. पहिल्याच चावीला ती सुरू झाली होती. त्याने बॉनेटवर तळवा ठेवला. पत्रा कोमट होता.

"मालक म्हणाले, दोन दिवस उभी हाय म्हणून?" तिने विचारलं.

"व्हय."

"मग एवढ्या थंडीत उभ्या उभ्या ताप कशानं आला हिला?"

"ए क्रांती!" मालक आतून ओरडला. "बॅटरी ठेव आन जा की! माझं गिऱ्हाईक फोडतीस व्हय?"

"मी कुठं काय म्हटलं? हात लावा म्हटलं नुसतं." तिने बॅटरी खाली ठेवली, हात झटकले आणि गेली.

आकाराम क्षणभर उभा राहिला. मग पळत रस्त्यावर आला. "अहो… थांबा की!"

ती मोपेडला किक मारत होती. "डिझेल गाडी गार असताना खरं बोलती," ती म्हणाली. "म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी धक्का मारून जागी करून ठेवत्यात. दुपारी काय, सगळ्याच गाड्या गुणाच्या."

का कोण जाणे, आकारामने त्या अनोळखी मुलीला सगळं सांगून टाकलं. तो गगनबावड्याजवळच्या गावात दूध संस्थेचा सेक्रेटरी. घरी आई, बायडाबाई. तिच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कोल्हापुरात आणावं लागतं, एसटीने. गेल्या पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलं, एसटी बंद झाली, डायलिसिसची पाळी चुकली आणि आईच्या छातीत पाणी भरलं. ती वाचली, पण तो आवाज — तिचा श्वास ओढण्याचा — त्याच्या कानांतून गेला नव्हता.

"पुढच्या पावसाळ्याच्या आत गाडी पायजे," तो म्हणाला. "वाटेत बंद न पडणारी. दिसायला कशी का असंना."

क्रांतीने मोपेड बंद केली. "नाव काय तुमचं?"

"आकाराम."

ती हसली. "आजोबांचं नाव चोरलंसा व्हय?"

"चोरलं न्हाय. त्यांचं वापरून झालतं. जुनंच हाय, पण चालू हाय."

"सेकंड हँड!" ती आणखी हसली. "रविवारी सकाळी सहाला दिलदारचाचांच्या गॅरेजला या. गाडी आणि माणूस, झोपेतनं उठताना बघावं."

दिलदारचाचा म्हणजे तिचे गुरू. आयटीआय करून ती त्यांच्याकडे शिकायला आली आणि आठ वर्षांत त्यांच्या पुढे गेली, असं चाचा स्वतःच सांगत. "मी हातानं बघतो. ही पोरगी कानानं बघती," ते म्हणाले. "हिनं नको म्हटलेली गाडी कोल्हापुरात कोण घेत न्हाय. जपून ऱ्हावा, पावणं."

पहिल्या रविवारी आकाराम आणि क्रांती कळंब्याला एक गाडी बघायला गेले. धुकं होतं. गाडी सुरू झाली, मागून पांढरा धूर निघाला, मग विरला. आकारामला वाटलं, झालं. क्रांतीने इंजिन चालू असतानाच ऑइलचं झाकण काढलं आणि त्या भोकावर उलटं नुसतं ठेवलं. झाकण थडथड उडायला लागलं. उडालं आणि खाली पडलं.

"आतला दाब गळतोय," ती हळू म्हणाली. "सपाटीला पळंल. चढाला दम लागंल हिला."

दम लागेल… आकारामच्या अंगावर काटा आला. एवढंसं झाकण, आणि त्यावरून या मुलीला अजून न आलेला चढ दिसला होता.

दुसरी गाडी कोडोलीची. हंबीरराव नावाचे निवृत्त मास्तर, त्यांच्या गोठ्याशेजारी उभी असलेली. रंग उडालेला, मागच्या दाराला पोचा. क्रांतीने चावी अर्धी फिरवली, मीटरच्या काचेमागचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबली, मग पूर्ण फिरवली. गाडी सुरू झाली. झाकण जागचं हललं नाही.

मग तिने पिशवीतून हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आकाराम बघत राहिला. तिच्या कपाळावरची बट हलत होती, तेवढीच. बाकी ती दगडासारखी स्थिर. आपल्या शेजारचं माणूस एखादी गोष्ट इतकी चांगली करतं, हे बऱ्याचदा आपण बघतच नाही. बघायचं राहूनच जातं. आकारामचं राहिलं नाही.

"ऐकायचंय?" तिने डोळे उघडले.

"मला काय कळणार?"

"या तर खरं."

तिने मूठ त्याच्या कानाला लावली. तिची बोटं त्याच्या गालाला लागली, गार, डिझेलचा वास असलेली. आणि मग त्याला ऐकू आलं. बाहेरून जी नुसती घरघर वाटत होती, ते आत ठोके होते. टक, टक, टक, टक. तिने टोक एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेलं. चार जागा.

"चारी सारखे आले पायजेत," ती कुजबुजली. "एक जरी लंगडा असला तरी कळतंय."

लोखंडाच्या आत हे सगळं चालू असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो! आकाराम थक्क झाला. इंजिनामुळे की त्या बोटांमुळे, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

क्रांतीने स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

"नको ही," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

"का?"

"…मन न्हाय घेत."

आकारामने तिच्याकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. "बरं," तो म्हणाला.

आणि रविवार चालू राहिले. सहाला गॅरेज, मग गाडी, मग चहा आणि भडंग. कुठल्या गाडीचा मीटर मागे फिरवलेला, कुठली पुराच्या पाण्यात बुडून आलेली. क्रांती हात लावायची आणि गाडी आपली कर्मकहाणी सांगायची.

"मिस्त्री, माझं काय बिघडलंय ते बी सांगा की," तो एकदा म्हणाला.

"बोलत न्हाई तुम्ही. नुसतं बघत ऱ्हाताय."

"मग काय करू? बघण्यासारखं असलं की…"

"भडंग खावा," ती म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते.

मार्चमध्ये एका मंगळवारी उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली. आईला डायलिसिसला नेत असलेली एसटी अडकली. लहान गाड्या शेतातल्या वाटेने निघून जात होत्या. एसटीला ती वाट नव्हती. खिडकीतून आकारामने त्या गाड्या जाताना पाहिल्या. एक… दोन… सात. चार तास गेले. शेजारी बायडाबाईंचा श्वास चढत गेला आणि तोच आवाज पुन्हा सुरू झाला.

दवाखान्यात पोचल्यावर त्यांना लगेच मशीनला लावलं. बायडाबाई वाचल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घरी न्या.

बातमी कळून त्या सकाळी क्रांती आली. हात घासून घासून धुतलेले. तिने आकारामला व्हरांड्यात बोलावलं.

"कोडोलीची गाडी…" तिचा आवाज फाटला. "तिच्यात काय सुद्धा खोट नव्हती. मी खोटं बोलले."

आकारामने हातातले दवाखान्याचे कागद कठड्यावर ठेवले.

"आजवर गाडीबद्दल एकदा बी खोटं बोलले न्हाई. त्या दिवशी… गाडी मिळाली असती तर रविवारी तुम्ही आला नसता. एवढंच. एवढ्यासाठी मी मावशींचा जीव… शिव्या द्या मला. गप्प नका ऱ्हाऊ."

"मला म्हाईत होतं," आकाराम म्हणाला.

"काय?"

"चारी ठोके सारखे होते. मला ऐकू आलतं. तरी 'बरं' म्हणलो." त्याने मान खाली घातली. "मला बी रविवार पायजे होता. तुझं खोटं एका शब्दाचं, क्रांती. माझं दोन महिन्यांचं. आणि आई माझी."

त्याने पहिल्यांदाच तिला 'तू' म्हटलं होतं. दोघांनाही ते कळलं आणि दोघंही कुठे बघावं ते न सुचून भिंतीकडे बघत राहिले. जिच्या एका शब्दावर सगळा बाजार चालतो, तिने आयुष्यातलं एकमेव खोटं आपल्यासाठी उच्चारलं! आकारामला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. एवढं मोठं काही आपल्या वाट्याला यावं, इतकं आपण काय केलं होतं?

"आत या दोघं बी!" खाटेवरून बायडाबाईंचा आवाज आला. "किडन्या गेल्यात माझ्या. कान न्हाईत गेलेलं."

दोघं आत जाऊन उभे राहिले, शाळेतल्या पोरांसारखे.

"मी गेले असते, म्हंजे रविवारी काय केलं असतंसा? माझं दिवस घालत बसला असतासा?"

क्रांतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"रडू नगंस. गाडीचं काय झालं ते सांग."

"खाली उभी हाय, मावशी," क्रांती नाक ओढत म्हणाली. "पहाटे कोडोलीला गेलते. मास्तरांना सगळं खरं सांगितलं. त्यांच्याकडं तीन गिऱ्हाईकं येऊन गेलती म्हणं. तिघांनी बी हेच विचारलं, दिलदारच्या पोरीनं का नको म्हटली? आणि तिघं बी परत गेली. मी पाया पडले मास्तरांच्या. ते म्हणाले, बाईंना आधी घरी पोचवा, कागदांचं मागनं बघू."

बायडाबाईंनी लेकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चला," त्या म्हणाल्या.

खाली ती रंग उडालेली गाडी उन्हात उभी होती. आकारामने आईला पुढं बसवलं, पायांवर शाल घातली. क्रांतीने चावी त्याच्या हातात दिली आणि दोन पावलं मागं सरकली.

"तू बी बस की," बायडाबाई म्हणाल्या.

"मी कशाला? गाडी वाटेत बंद पडायची न्हाई, मावशी. माझा शब्द."

"मग तर बसच."

क्रांतीने आकारामकडे पाहिलं. त्याने मागचं दार आधीच उघडून धरलं होतं.