आत्याच्या छातीतली टिकटिक

आज दुपारी चार वाजता माझ्या आत्याला, शिवकांताला, ऑपरेशनसाठी आत नेलं.

गाव लातूर. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. थिएटरबाहेरच्या खुर्चीत बसून मोबाइलवर हे टाइप करतोय. मी बातमीदार आहे. तपासता येईल तेवढंच लिहायची सवय आहे. यातलं बरंच तपासता येत नाही.

पण घडलंय.

आत्याच्या हृदयात धातूची झडप आहे. शांत खोलीत तिचा आवाज येतो.

टिक... टिक...

तशीच झडप माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला होती. नांदेडला तातडीच्या ऑपरेशनसाठी आप्पांना पूर्ण भूल दिली. ते उठले नाहीत. आम्ही लिंगायत, जाळत नाही. निलंग्याच्या शेतात त्यांना बसवून समाधी दिली. गळ्यात इष्टलिंग. छातीत झडप, तशीच.

मागच्या महिन्यात आत्याचं आतडं हर्नियात अडकलं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू, म्हणून पाठीत सुई देता येईना. पूर्ण भूल हृदयाला झेपेना. भूलतज्ज्ञ डॉ. सौदामिनी म्हणाल्या, "तेवढाच भाग बधिर करू. मावशी, जाग्या राहाल. हलायचं मात्र नाही."

"हलते कुठं? बांधून तर टाकलंय," आत्या म्हणाली.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं.

हात पट्ट्यांत. तोंडासमोर हिरवा पडदा. ती स्वतःची टिकटिक ऐकत पडली होती.

मग डावीकडून दुसरी आली...

संथ.

टेबल अरुंद. तरी कुणीतरी शेजारी आडवं झालं. थंड खांदा तिच्या खांद्याला टेकला.

"शिवे, सरक. माझी जागा हाय ही."

तिला ओरडताही येईना. पोट उघडं होतं.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर ती म्हणाली, "पंचाक्षरी, तुझा बाप माझ्यासंगं आलाय."

मी हसलो. "मग चहा दोन कप टाकू?"

"टाक. एक बिनसाखरेचा."

आप्पा बिनसाखरेचाच प्यायचे.

काल तिला धाप लागली. आम्ही लगेच आणलं नाही. आमच्या घरची रीतच आहे. आत्याच्या दाराशी कान द्यायचा. टिकटिक चालू, म्हणजे आत्या ठीक.

टिकटिक चालू होती. खणखणीत.

आज सकाळी डॉ. सौदामिनींनी स्टेथोस्कोप लावला. कपाळाला आठ्या पडल्या.

"झडपेचा आवाजच नाही. मागच्या ऑपरेशननंतर काही दिवस गोळ्या थांबवल्या होत्या, तेव्हा गुठळी धरली असणार. कधीपासून बंद आहे?"



खोलीत आवाज येत होता... फक्त आम्हाला.

आता छाती उघडणार. या वेळी पूर्ण भूल.

दाराशी आत्यानं माझं मनगट धरलं. "त्याला आत येऊ देऊ नको. शेजारी झोपला तर मला उठू देणार न्हाई. तुझा बाप हाय, तुझं ऐकंल. धरून बस."

दार लागलं.

आवाज आत गेला नाही. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत आहे.

मघाशी पाणी प्यायला उठलो. आवाज दाराकडे सरकला.

मी बसलो. तोही परत आला.

"आप्पा, बसा ना," मी हळूच म्हणालो.

टिक...

तेव्हापासून उठलेलो नाही.

आत्ताच दार किलकिलं झालंय. नर्स विचारतेय, "शिवकांताबाईंसोबत कोण आहे? लवकर इकडे या."