कपाटात एकच मावतं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कोणाची मनधरणी करणार नाही. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या मुलीच्या घरी घडलंय, आणि त्यातलं शेवटचं मी माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. लाईट गेलेले नव्हते.

रविवारची लख्ख दुपार होती... आणि शेजारचे काका खाली गाडी धूत होते.

ही ताई गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत टेस्टर आहे. लोकांना वाटतं, काय ऐश आहे, दिवसभर खेळायचा पगार! दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. ताईचं काम म्हणजे गेममधल्या प्रत्येक भिंतीला आपला माणूस घासत न्यायचा आणि तो भिंतीतून आरपार जातो का ते बघायचं. एक भिंत झाली की दुसरी. ऑफिसात तिला भिंतवालीच म्हणतात.

त्यांचा नवा गेम एका निवासी शाळेचा होता. त्यात खेळणारा म्हणजे एक व्रात्य पोरगा. ऑफिसात सगळे त्याला ‘कार्टं’ म्हणायचे. शाळा, वसतिगृह, मैदान, कुंपणापलीकडचं अख्खं गाव... कुठेही भटकायचं आणि खोड्या काढायच्या. हेडमास्तरांच्या सायकलची हवा सोडायची. वॉर्डनबाईंच्या चपला गच्चीवर फेकायच्या. आणि लहान पोरांना धरून लाकडी कपाटात कोंडायचं.

कोंडलेलं पोर आतून दार वाजवायचं, गयावया करायचं. मग शाळेची घंटा झाली की वॉर्डनबाई येऊन दार उघडायच्या. पोर बाहेर, कार्ट्याचा कान पिरगाळलेला. एवढीच गंमत.

त्या कपाटातल्या चिमुरडीचा आवाज ताईच्या लेकीचा होता.

तिला आम्ही खारू म्हणतो. आठ वर्षांची आहे, एका जागी बसत नाही आणि सारखं काहीतरी कुरतडत असते. कंपनीला लहान मुलीचा आवाज हवा होता, म्हणून ताई तिला एका सुट्टीत ऑफिसात घेऊन गेली. आवाजाचं काम बघणारा जो आहे, त्याला सगळे कानसेन म्हणतात. त्याने खारूकडून चार-पाच वाक्यं म्हणवून घेतली. “उघड ना!” “मी नाही सांगणार कोणाला!” असली. पोरगी इतकी खूश, की घरी येऊन आठवडाभर सगळ्यांना तेच ऐकवत होती.

इथपर्यंत सगळं साधं आहे.

आता घोळ कुठे झाला ते सांगतो.

शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना त्यांच्याकडे एक मशीन गेमसकट चालूच ठेवतात. सोमवारपर्यंत गेम अडकतो का, बंद पडतो का, ते बघायला. त्याला ते ‘जागरण’ म्हणतात. जागरणाला लावताना गेममधलं घड्याळ थांबवायचं, कारण दिवस बदलताना भलत्याच चुका निघतात आणि मूळ तपासणी राहते बाजूला. आणि घड्याळ थांबवण्याआधी सगळी पोरं जागेवर आहेत ना, एवढं बघायचं.

त्या शुक्रवारी ताई कपाटाचं दार तपासत होती. चिमुरडीला आत कोंडलं. तेवढ्यात घरून फोन. खारू जेवायला थांबलीये, ये लवकर. ताईने घाईघाईत घड्याळ थांबवलं, मशीन जागरणाला लावलं आणि पर्स उचलून पळाली.

चिमुरडी आतच राहिली.

घड्याळ थांबलेलं. म्हणजे घंटा होणार नाही.

घंटा नाही, म्हणजे दार उघडणार नाही.

शनिवारी सकाळी खारू उठली ती गुडघे पोटाशी धरूनच. “पाय लांब कर,” ताई म्हणाली. “जागा नाहीये,” खारू म्हणाली. ताई हसली. एवढ्या मोठ्या पलंगावर जागा नाही म्हणे! पोरीची नाटकं, दुसरं काय?

पण तिचा आवाज... जरा लांबून आल्यासारखा होता. बंद दारामागून यावा तसा.

दुपारपर्यंत आवाज आणखी बारीक झाला. संध्याकाळी बंदच झाला. ओठ हलायचे, पण शब्द नाही. खोकला नाही. रडण्याचासुद्धा आवाज नाही. नुसती डोळ्यांतून घळाघळा गंगा.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितली. “घसा एकदम स्वच्छ आहे. शाळेत काही झालंय का? घाबरलीये का?” त्यांनी औषध दिलं आणि विश्रांती सांगितली. ताईचा जीव टांगणीला लागला. ती रात्रभर लेकीच्या उशाशी बसून राहिली.

रविवारी भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, खारूला अंघोळीसाठी उचलायला हात पुढे केले. तिने घाबरून दोन्ही हात वर केले...

ते हवेतच अडले.

समोर काही नव्हतं. तरी तिचे तळवे पसरलेले, बोटं पांढरी पडलेली, जणू फळीला टेकलीयेत. मग तिने मूठ वळली.

ठक् ठक्... ठक्.

“कोण वाजवतंय?” भावजींनी वळून दाराकडे बघितलं.

दार सताड उघडं होतं.

तो आवाज ताईने महिनोन् महिने ऐकला होता. कानसेनने एका जुन्या लाकडी कपाटावर हाताने ठोकून तो घेतला होता. दोन सलग, मग जरा थांबून एक. आणि त्या क्षणी तिला शुक्रवारची संध्याकाळ आठवली.

तिने कानसेनला फोन लावला. तो ऑफिसातच होता. त्याला घरी करमत नाही, रविवारीही तिथेच पडलेला असतो.

“बरं झालं फोन केलास,” तो म्हणाला. “तुझ्या मशीनमधून सकाळपासून कोणीतरी बोलतंय. डोकं उठलंय नुसतं. बंद करून टाकू का?”

“नको!” ताई इतक्या जोरात ओरडली की भावजी दचकले. “हात लावू नकोस त्याला! पाया पडते तुझ्या!”

“अगं, पण झालं काय?”

“काय बोलतेय ती?”

कानसेनने मशीनचा आवाज वाढवून ऐकलं. मग हळूच म्हणाला...

“पाणी मागतेय. भिंतवाली, हे वाक्य आपण घेतलेलंच नाहीये.”

ताई घरच्याच कपड्यांवर निघाली. खारूपाशी भावजी थांबले. ऑफिसात सगळ्या खुर्च्या रिकाम्या, पंखे बंद. एकच स्क्रीन चालू. वसतिगृहाची लांबलचक खोली, ओळीने खाटा, टोकाला ते कपाट, आणि त्याच्यासमोर पाठमोरं उभं असलेलं कार्टं. शुक्रवारी ताईने सोडलं होतं तसंच.

तिने हेडफोन कानाला लावला.

“आई... माझे पाय दुखतायत.”

“आले गं बाळा. आले मी.”

ताईने गेममधलं घड्याळ चालू केलं. काटा हलला नाही. परत केलं. नाही. कानसेनने स्वतः करून बघितलं. नाही. कार्ट्याला कपाटाजवळ नेऊन दार ओढायला लावलं. कार्टं हात पुढे करायचं, कडीपर्यंत न्यायचं आणि परत मागे घ्यायचं.

“आई, श्वास लागतोय...”

“मशीन बंद करून चालू करू,” कानसेन म्हणाला. “सगळं पहिल्यासारखं होईल.”

“आणि ती? बंद होताना ती आतच असली तर?”

कानसेनने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

आणि ताईला एक गोष्ट आठवली. मागच्याच महिन्यात तिने स्वतः शोधलेली एक चूक. वॉर्डनबाईंपासून लपायला कार्टंही कपाटात शिरू शकतं. पण कपाटात एकच मावतं. कार्टं आत गेलं, की आधी कोंडलेलं पोर आपोआप बाहेर फेकलं जातं. ही चूक सुधारायची राहूनच गेली होती. तिने ते कानसेनला सांगितलं.

“थांब,” कानसेन म्हणाला. “तू आत गेलीस की बाहेर कशी येणार? घड्याळ तर बंदच आहे.”

“मी थोडीच जातेय? कार्टं जातंय.”

असं म्हणून ताईने बटण दाबलं.

कार्टं कपाटात शिरलं. स्क्रीनवर अंधार झाला. दाराच्या फटीतून फक्त उजेडाच्या बारीक रेघा दिसत होत्या. त्या रेघांमधून कोणीतरी लहानसं... लंगडत, खाटांच्या मधून, लांब चालत गेलं.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला.

“आई!” खारूचा आवाज. खणखणीत. “आई, मी बोलतेय!” मागे भावजी रडत होते. कानसेनने फोन स्पीकरवर टाकला आणि स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं.

“आई? तू बोलत का नाहीस? आई, तू कुठे गेलीस?”

ताई खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. जरा वेळाने तिने पाय खाली सोडले, फोनकडे बघितलं आणि म्हणाली, “घरी येते हं.”

ती घरी आली. स्वयंपाक करते, कामावर जाते. विनोद केला तर हसते.

फक्त... जरा उशिरा हसते.

आम्हाला वाटलं, धक्का बसलाय, होईल ठीक. वेळ हेच औषध. पण खारू तिच्या कुशीत जाईना. वेणी घालून घेईना. भावजींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “ही चांगली आहे, बाबा. पण ही आई नाही. आई आत आहे.”

भावजींनी कानसेनकडून ते मशीन घरी आणवलं. बंद न करता, गाडीत यूपीएसवर चालू ठेवून. आता ते आतल्या खोलीत आहे आणि कोणी ते बंद करत नाही. स्क्रीनवर अजून तोच अंधार, त्याच रेघा.

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो. मला हे सगळं थोतांड वाटत होतं, खोटं कशाला बोलू? भावजींनी न बोलता हेडफोन माझ्या हातात दिला. ताई स्वयंपाकघरात चहा गाळत होती. मला तिथून तिची पाठ दिसत होती.

मी हेडफोन लावला.

आधी काहीच नाही. मग कोणीतरी दमून श्वास घेतल्यासारखं...

“खारू जेवली का रे?”

ताईचा आवाज. कानसेनने तिचा आवाज कधीच रेकॉर्ड केलेला नाही, हे त्याने मला शपथेवर सांगितलंय.

मी कसाबसा म्हणालो, “जेवली, ताई.”

“तिला या बटणांना हात लावू देऊ नकोस,” ती म्हणाली. “तिला कळलंय, मला कसं बाहेर काढायचं ते.”

माझ्या खांद्यावर हात पडला. मागे ताई उभी होती, हातात कप घेऊन.

“साखर कमी नाही ना झाली?” तिने विचारलं. आणि जरा वेळाने हसली.

भावजी म्हणतात, मीच आत जातो. पण मग बाहेर जे उरेल, त्याच्या भरवशावर पोरीला कसं सोडायचं? ते खोलीला कुलूप लावतात आणि किल्ली गळ्यात घालून झोपतात. मीही आत जायला तयार आहे, असं मला म्हणायचं होतं. म्हणवलं नाही.

काल रात्री भावजींच्या नंबरवरून फोन आला. मी उचलला. खारू होती. एकदम दबक्या आवाजात बोलत होती.

“मामा, बाबा झोपलेत. किल्ली घेतलीये मी. कुठलं बटण दाबलं की लपता येतं, एवढंच सांग ना.”

मी तिला खूप समजावलं, रागावलो, शेवटी रडलोसुद्धा. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी त्या घरी फोन लावतोय. मगाशी कोणीतरी उचलला.

“खारू?” मी म्हणालो.

“हो, मामा,” ती म्हणाली.

पण जरा उशिरा म्हणाली.