चढावर रुसणारी महाराणी

“ढकला! अजून जोर! वकील, तू नुसता हात टेकवून उभा आहेस, मला दिसतंय!”

“मी जोरच लावतोय! गाडीच उलट्या बाजूनं जोर लावतेय!”

मागे अडकलेल्या बसचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. मुंगीनं दातओठ खाऊन लाल गाडीच्या पाठीला खांदा भिडवला. शेजारी तिचा धाकटा भाऊ भोपळ्या गाल फुगवून कण्हत होता. त्याचं ढकलण्यापेक्षा कण्हणंच जास्त चाललं होतं. शेवटी गाडी एकदाची कडेला, पाण्याच्या टाकीच्या भिंतीलगत आली. बस भर्रकन निघून गेली आणि जाता जाता धुराचा लोट तिघांच्या तोंडावर सोडून गेली.

“महाराणींची मर्जी!” वकिलानं कमरेत वाकून मुजरा केला.

स्टिअरिंगमागून आत्या उतरली. ती हसली नाही. एरवी अशा विनोदावर सगळ्यांत आधी तीच खिदळायची.

गाडी नुकतीच घेतलेली, पण वयानं आत्याच्याच बरोबरीची. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची, बेडकाच्या डोळ्यांसारख्या दिव्यांची स्पोर्ट्स कार! मागच्या चिंचोळ्या सीटवर फक्त मुलंच मावायची, तीही गुडघे हनुवटीला लावून. मुंगी आणि भोपळ्या सुट्टीला आत्याकडे आले, तेव्हा गाडी दारात अशी चमकत उभी होती की भोपळ्यानं चपला काढून आत पाऊल ठेवलं होतं. शेजारचा वकील पहिल्याच दिवशी टोळीत सामील झाला. तसा तो सातवीतच होता. पण कुणी ‘शुभ सकाळ’ म्हटलं तरी ‘कशावरून?’ असं विचारायचा, म्हणून वकील.

महाराणीला एकच खोड होती. सुरू व्हायची झोकात, धावायची वाऱ्यासारखी, आणि मध्येच आचके देऊन बंद पडायची. मग किल्ली कितीही फिरवा, नाही म्हणजे नाही! बराच वेळ ताटकळलं की पुन्हा सुरू, जणू काही घडलंच नव्हतं.

“आत्या, होईल गं सुरू,” मुंगी म्हणाली.

“होईल. आणि पुढच्या वळणावर पुन्हा बंद पडेल.” आत्यानं गाडीच्या टपावरून हळूच हात फिरवला. “मुलांनो, उद्या सकाळी एक आजोबा येणार आहेत गाडी बघायला. त्यांना आवडली तर मी ती देऊन टाकणार आहे.”

“देऊन टाकणार?” तिघं एकदम ओरडले.

“हौसेला मोल नसतं, खरं आहे. पण भर रस्त्यात तुमच्या जिवावर बेतणारी हौस मला नको.”

मुंगीला एकदम भरून आलं. गेल्या वर्षी सायकलवरून पडून तिचा पाय मोडला होता. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, तरी पाऊल टाकायची तिला भीती वाटायची. तेव्हा आत्या शाळेतून रजा काढून त्यांच्याकडे राहायला आली. आत्या शाळेत गणित शिकवायची. रोज संध्याकाळी ती मुंगीला बोळातून चालवायची आणि दुखणं विसरायला लावायला एका गाडीचं वर्णन करायची. लांब नाक, बेडूकडोळे, लाल रंग! “तू चालायला लागलीस ना, की मी ती गाडी घेणारच,” असं म्हणायची. मुंगी चालायला लागली. गाडीही आली. आणि आता गाडीच चालेना!

‘तिनं मला चालतं केलं,’ मुंगीनं मनाशी ठरवलं. ‘आता पाळी माझी.’

महाराणी पुन्हा सुरू झाली तशी ते थेट गॅरेजवर गेले. गॅरेजकाका म्हणजे दारातून आडवं जावं लागेल असा धिप्पाड माणूस. मन मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि घाई सगळ्यांत मोठी! एका हातात फोन, दुसऱ्या हातात पाना, आणि लक्ष तिसरीकडेच.

“पुन्हा बंद? प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा पंपसुद्धा नवा घातला! आता इंजिनच उघडायचं. म्हातारं झालंय ते, तापलं की बसतं!”

“कशावरून?” वकिलानं विचारलं.

“अरे, थांबवली की थंड होते आणि चालू होते. आणखी काय पुरावा पाहिजे?”

“पण तापल्याचा काटा तर मध्येच असतो,” मुंगी म्हणाली. ती आत्याच्या खांद्यावरून रोज डोकावून बघायची.

“काटे काय, खोटंही बोलतात! ताई, तोवर टाकी काठोकाठ भरून ठेवत जा बरं का.” एवढं बोलून काका दुसऱ्या गाडीखाली गडप झाले.

दुपारी व्हरांड्याच्या पायरीवर टोळीची बैठक बसली. आत्यानं एकच अट घातली होती: बघा, ऐका, वास घ्या, पण तिला विचारल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही.

“काकांचं बरोबर असेल, तर जास्त चालवली की जास्त तापेल आणि आधी बंद पडेल,” वकील म्हणाला. “बरोबर?”

“पण तळ्यावर गेलो त्या दिवशी आठवतंय?” मुंगी म्हणाली. “केवढं लांब गेलो! ऊनही रणरणत होतं. आणि महाराणी एकदाही रुसली नाही!”

“त्या दिवशी आत्याच रुसली होती,” भोपळ्या म्हणाला. “पेट्रोल संपत आलंय, पेट्रोल संपत आलंय, असं सारखं म्हणत होती.”

मुंगी पायरीवरून उठून उभी राहिली. “आणि परत येताना टाकी भरली! गच्च! तर कोपऱ्यावरच बंद पडली. आजही निघताना भरली होती, आजही बंद. रिकामी असली की पळते, भरली की अडते! असं कसं?”

“अपचन,” भोपळ्या गंभीरपणे म्हणाला.

“गप रे!” दोघं ओरडले, पण तिढा काही सुटेना. पोट भरलेली गाडी उपाशी मरते, असं कुणी ऐकलंय का?

भोपळ्या नाक फुगवून प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी प्यायला लागला. त्याची पिण्याची तऱ्हा अजब होती. ओठ बाटलीच्या तोंडाला घट्ट चिकटवायचे आणि ओढत राहायचं. बाटलीच्या बाजू कडकड आवाज करत आत गेल्या. मग पाणी येईना. त्यानं डोळे मोठे करून आणखी ओढलं. पाणी नाहीच! शेवटी त्यानं ओठ सोडले. ‘फुस्स!’ हवा आत शिरली आणि बाटली पूर्ववत फुगली.

“पुन्हा कर!” मुंगी किंचाळली.

“काय?”

“तेच! पुन्हा पी!”

पुन्हा कडकड, पुन्हा पाणी बंद, पुन्हा फुस्स!

“वकील! पेट्रोल भरताना पंपावरच्या दादानं झाकण उघडलं, तेव्हा असाच आवाज आला होता. मला वाटलं, कुणाच्या तरी चाकातली हवा गेली. तो टाकीचा आवाज होता! इंजिन पेट्रोल ओढतं, पण त्याच्या जागी टाकीत हवाच जात नाही. म्हणून पेट्रोल येईनासं होतं!”

“पण मग भरलेली टाकी आधी का अडते?”

मुंगीनं बाटली आणि पाणी प्यायची नळी घेतली. भरलेल्या बाटलीत नळी घालून तोंड मुठीनं गच्च आवळलं आणि ओढलं. दोन घोटांत बाटली हटून बसली. मग बाटली जवळजवळ रिकामी करून तेच केलं. या वेळी उरलंसुरलं पाणी आलं की!

“रिकाम्या बाटलीत हवा भरपूर. ती ताणली जाते, पुरते,” वकील हळूच म्हणाला. मग त्यानं जन्मात पहिल्यांदाच ‘कशावरून’ न विचारता हात पुढे केला. “मुंगी, मानलं तुला!”

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत जरा चमक आली, पण ती म्हणाली, “सिद्ध करून दाखवा. गणितात उत्तराला नाही, रीतीला गुण असतात.”

संध्याकाळी वकिलानं गॅरेजकाकांना गाठलं. “काका, बंद पडलेली महाराणी लगेच सुरू होईल का?”

“शक्यच नाही! थंड व्हायला वेळ लागतोच.”

“आणि झाली तर?”

“तर तुम्हाला गुरू मानीन! चला, दाखवा!” काका पुढच्या सीटवर बसले आणि महाराणी एका बाजूला कलली. मागे दोघांच्या मध्ये भोपळ्या पुस्तकातल्या पिंपळपानासारखा चपटा होऊन बसला.

टाकी आत्यानं मुद्दाम काठोकाठ भरून घेतली होती. पाण्याच्या टाकीजवळ, चढ सुरू होता होताच महाराणीनं आचके दिले. आत्यानं तिला अलगद कडेला घेतलं. इंजिन बंद!

“बघा!” काका म्हणाले. “आता बसा गप्पा मारत.”

“आत्या, उघडू?” मुंगीनं विचारलं. आत्यानं मान डोलावली, उतरून आपली सीट पुढे झुकवली आणि मुंगी बाहेर पडताच पुन्हा स्टिअरिंगमागे बसली. मुंगी मागच्या बाजूला गेली, पेट्रोलचं झाकण दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवलं.

‘फुस्स्स्!’

“आत्या, किल्ली!”

घर्र... घर्र... नाही. आत्यानं पुन्हा किल्ली फिरवली. घर्र... घर्र... नाहीच! काका समजुतीनं हसले. वकिलानं डोळे मिटून घेतले. मुंगीनं हातातलं झाकण छातीशी धरलं. आपण चुकलो? उद्या सकाळी गाडी जाणार?

“पेट्रोलला इंजिनपर्यंत पोचायला वेळ द्या ना!” भोपळ्या आतून ओरडला. “मला पण पाणी घशापर्यंत यायला वेळ लागतो!”

आत्यानं तिसऱ्यांदा किल्ली फिरवली. घर्र... घर्र... भर्रर्रूम!

“सुरू झाली!!” मुंगी रस्त्याच्या कडेला उड्या मारायला लागली. त्याच मोडलेल्या पायावर!

काका धडपडत बाहेर आले. त्यांनी झाकण हातात घेऊन उलटं केलं आणि बघतच राहिले. आतल्या बाजूला रबराची गोल चकती व्यवस्थित चिकटवलेली होती. त्यांचा मोठा आवाज एकदम लहान झाला. “ताई, ही चकती मीच लावली. गाडी आणली तेव्हा पेट्रोलचा वास येतो म्हणालात ना? मला वाटलं, झाकणातून येतोय. घाईघाईत रबर चिकटवलं आणि विसरून गेलो. या झाकणाला श्वास घ्यायला भोक असतं. तेच मी बुजवलं!”

“आणि थांबवल्यावर सुरू का व्हायची?” वकिलानं विचारलं.

“रबराच्या फटीतून हळूहळू हवा आत झिरपत असणार. आणि मी इंजिन उघडायला निघालो होतो!” काकांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. “चला गॅरेजवर. वास कुठून येतो ते आता नीट बघतो, घाई न करता.”

आणि खरंच, त्यांनी फोन बाजूला ठेवून बॅटरीच्या उजेडात टाकीपासून इंजिनापर्यंतची पेट्रोलची नळी बोटाबोटानं तपासली. पंपाच्या पुढे, इंजिनाजवळ ती तडकलेली निघाली. नळी नवी आली, रबर गेलं आणि वासही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्यायला आजोबा आले, ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून. आत्या दारातच म्हणाली, “माफ करा, गाडी विकायची नाही.”

“मग मला बोलावलंत कशाला?”

“चहाला!” भोपळ्या म्हणाला.

आजोबा खो खो हसले. चहा पिता पिता त्यांनी सगळी हकिकत ऐकली आणि मुंगीच्या पाठीवर थाप मारली. “पोरी, अशी गाडी मिळणं नशीब, पण अशी भाची मिळणं त्याहून मोठं नशीब!”

गॅरेजकाकाही आले होते. “हे माझे गुरू,” ते आजोबांना म्हणाले. “मी आधी उघडतो आणि मग बघतो. यांनी आधी बघितलं आणि मग उघडलं.”

मग महाराणी निघाली. पाण्याच्या टाकीवरून, चढावरून, वळणामागून वळण घेत थेट टेकडीच्या माथ्यापर्यंत! एकदासुद्धा खोकली नाही. वर गार वारा होता आणि खाली गावातली घरं काडेपेटीएवढी दिसत होती. वकील आणि भोपळ्या दगडांवर चढाओढीनं पळाले. मुंगी आत्याजवळच थांबली.

“तुझे आभार कसे मानू गं?” आत्या म्हणाली.

“तू नाही मानायचे!” मुंगी घाईघाईनं म्हणाली. “मीच... गेल्या वर्षी तू आलीस, रोज मला चालवलंस. आई म्हणते, घरच्या माणसांचे आभार मानायचे नसतात. म्हणून मी कधी म्हटलंच नाही. पण मला म्हणायचंय. थँक्यू, आत्या. खूप खूप थँक्यू!”

आत्यानं मुंगीला जवळ ओढलं आणि ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. “वारा फार आहे इथं,” ती म्हणाली.

तेवढ्यात भोपळ्या धावत आला आणि पुढचं दार उघडून ऐटीत बसला.

“आभार मानून झाले असतील तर चला,” तो म्हणाला. “खाली जाताना पुढे मी बसणार!”