बाराव्या सुरीची मूठ

मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं माशांची पोटं साफ करून झाल्यावर आता त्याचे हातच दगा देऊ लागले होते. बुळबुळीत हातातून सुरी दोनदा निसटली. दुसऱ्यांदा तर शेजारी काम करणाऱ्या बाईच्या बोटाला चार टाके पडले. मुकादम म्हणाला, "काका, आता पुन्हा झालं तर घरी बसा." घरी बसून खायचं काय, ते मात्र मुकादमाने सांगितलं नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि तो मरणाचा दमला होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो सुऱ्यांच्या दुकानात गेला. दुकानदाराने आधी दुमडणारी सुरी पुढे केली.

"ही नको. खटका घाणीने भरतो आणि पातं बोटावरच मिटतं. न दुमडणारी द्या, हातात घट्ट बसणारी."

दुकानदाराची तऱ्हा न्यारी होती. गिऱ्हाइकाने साबणाच्या पाण्यात हात बुडवायचा, डोळे मिटायचे, मग तो एकेक सुरी हातात देणार. बघून निवडायला गेलं की माणूस पात्याला भुलतो, असं त्याचं म्हणणं. अकरा सुऱ्या झाल्या. कुणाची मूठ जाड, कुणाची टोचणारी, एक तर सरळ सटकलीच. बारावी हातात आली आणि त्याचा खांदासुद्धा सैल झाला.

डोळे उघडले तर जुनी, काळपट लाकडी मूठ, अंगठ्याच्या जागी झिजून खळगा पडलेला.

"ही मी दिली?" दुकानदार गोंधळला. "ही तर धार लावायला आलेली. वर्ष झालं, न्यायला कुणी फिरकलं नाही."

"हीच द्या."

त्यानंतर सुरी एकदाही निसटली नाही. उजवा हात दुखायचाही थांबला, डावा मात्र पहिल्यासारखाच ठणकत राहिला. महिन्याभरात उजव्या अंगठ्याच्या बुडाशी एक जुना व्रण दिसायला लागला. तिथे कधी कापलं होतं, ते काही केल्या आठवेना. मग एका दुपारी जेवून तो जरा आडवा झाला. जाग आली तेव्हा तो हात बायकोचा दंड थोपटत होता.

बायको जागीच होती. "पस्तीस वर्षांत तुम्ही मला कधी थोपटलं नाही."

"नाही."

"मग हे कोण थोपटतंय, अहो?"

त्याला भीती वाटली. मग उठून त्याने सुरी कागदात गुंडाळली. नोकरी गेली तरी चालेल, पण हात आपला हवा.

दुकानात एक म्हातारी उभी होती. "ह्यांची सुरी दिली होती धारेला," ती दुकानदाराला सांगत होती. "ते गेले, आणि माझं यायचं राहूनच गेलं."

दुकानदार त्याच्याकडे बघायला लागला. त्याने आपलं पुडकं उघडून फळीवर ठेवलं.

म्हातारीने सुरीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती.

तिने आपला हात पुढे केला, हातात हात आला.

"अहो, नखं किती वाढलीत," ती म्हणाली. "चला घरी."

त्याने हात मागे ओढला. सुटेना.

"सोडा, आजी."

"मी कुठे धरलंय?" ती म्हणाली.